जातो म्हणायचं होतं

सुग्रीव मुकादम पोळा झाल्यावर चौथ्या दिवशी घरी आला. दरसाल तो याच सुमाराला ऊसतोडीच्या टोळीची माणसं पक्की करत फिरतो. ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि चहासाठी आत डोकावला. मग त्याच्या ध्यानात आलं. मंगल, माझी बायको, चैत्रात वारली. तो तिच्या दहाव्याला आला होता, पण इतकी वर्षं त्या दारातून चहा येताना बघितलेला माणूस सवयीनं बघणारच. मीही बघतो.

चहा राजनंदिनीनं आणला. ती आमची मुलगी, एकुलती.

"अर्धा कोयता मी कुठं बसवू, शहादेव?" सुग्रीव म्हणाला.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको पाचट काढून मोळ्या बांधते आणि दोघं मिळून डोक्यावरून गाडी भरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पण अर्ध्या कोयत्याचं काम अर्धं होतं असं नाही. तोडलेला ऊस बांधायला कुणी नसलं तर तो फडातच पडून राहतो. म्हणून मुकादम अर्ध्याला गाडीत घेत नाही. मी आणि मंगल एकोणीस वर्षं एक कोयता होतो.

"पोरगी हाय की हाताशी," सुग्रीव म्हणाला.

"ती बारावीला हाय, मुकादम."

"मग? सतरा वर्साची झाली. माझ्या टोळीत पंधराच्या बी हायत."

"फेब्रुवारीत परीक्षा हाय तिची."

"ऊस काय परीक्षेसाठी थांबतोय व्हय?" त्यानं बशीतला चहा संपवला. "दसऱ्याच्या आत सांग. न्हाईतर दुसरी कर." आणि हसला. मी हसलो नाही तसं म्हणाला, "चेष्टा केली बे. तोंड पाडू नको."

राजनंदिनी कप उचलायला आली होती. तिनं सगळं ऐकलं. कप घेऊन ती आत गेली. तिला वेगळं सांगण्यासारखं काय होतं? दिवाळीनंतर आमच्या वस्तीवर काम राहत नाही. थोडी कापूसवेचणी असते, ती पंधरा-वीस दिवस. शेत आहे ते कोरडवाहू, त्यात दोघा भावांचा वाटा. मी उसाला निघायचं तर तिला बरोबर घ्यायचं, आणि तिला बरोबर घेतलं की तिची बारावी संपली. एकदा फडात उतरलेली पोरगी परत वर्गात बसलेली मी तरी बघितली नाही.

त्यानंतर आठवड्यानं ती मोबाइल घेऊन माझ्यापुढं बसली.

"दादा, रागावणार न्हाई ना? मी फॉर्म भरलाय."

"कसला?"

"टीव्हीवरचा खेळ हाय. 'येता की जाता'. गावोगाव येतेत ते लोक. औंदा चौसाळ्याला येनार हायेत. घरातली कुनी बी दोघं चालतेत. मी तुमचं नाव घातलंय."

तिनं मला चित्रं दाखवली. मंचावर पाच पायऱ्या. प्रत्येक पायरीवर एक प्रश्न आणि एक वस्तू. पहिलीवर कुकर, दुसरीवर शिलाई मशीन, तिसरीवर पिठाची गिरणी, चौथीवर मोटारसायकल, पाचवीवर मालवाहू तीनचाकी. प्रत्येक पायरीवर माइकवाला विचारतो, येता की जाता? येतो म्हटलं की वरची पायरी. तिथं चुकलं की मिळालेलं सगळं परत, हातात एक छत्री देऊन खाली. थांबायचं तर त्या पायरीवरची वस्तू तेवढी घेऊन उतरायचं.

"गिरणी सिंगल फेजवर चालती," ती म्हणाली. "आपल्या वस्तीवर गिरणी कुठंय? समदे दळन डोक्यावर घेऊन चौसाळ्याला नेतेत. दादा, तिसरीपस्तोर चढायचं आनि उतरायचं. बास. मग तुमाला उसाला निघायचं काम न्हाई. मला बी न्हाई."

तिच्या आईसारखी ती एकदा ठरवलं की हळू आवाजात बोलते. मी हो म्हणालो. माझ्यात नाही म्हणायची ताकद नव्हती, हे खरं कारण. त्या दिवसांत कुणी काही म्हटलं तर मी हो म्हणायचो.

घटस्थापनेच्या आधीचा आठवडा होता. चौसाळ्याला हायवेच्या कडेच्या मंगल कार्यालयात त्यांनी मंच घातला होता. जिथं नवरा-नवरी उभे राहतात तिथं लाल पायऱ्या, दिवे, दोन बाजूंना ढोलवाले. सकाळी दहाला बोलावलं आणि आमचा नंबर तीननंतर लागला. तोवर आम्ही खुर्च्यांवर बसून बाकीच्यांचा खेळ बघितला.

कानाला यंत्र लावलेल्या एका बाईनं सगळ्यांना नियम वाचून दाखवले आणि सह्या घेतल्या. ती भराभर वाचत होती. मी सही केली. राजनंदिनीनं वाचून केली.

माइकवाला पुण्याकडचा. चकचकीत कोट, बोलणं गोड, एका जागी पाय ठरत नव्हता. तो सारखा म्हणत होता, "मानलं तुम्हाला, बीड जिल्हा! आम्ही तीन दिवस फिरतोय, एकसुद्धा जोडी मधे थांबली नाही. एकच शब्द, येतो! काय हे धाडस!" लोक टाळ्या वाजवायचे.

खरंच कुणी थांबत नव्हतं. आमच्या आधी नांदूरघाटचा त्रिंबक नावाचा माणूस बायकोला घेऊन चढला. तिसऱ्या पायरीवर गिरणी मिळाली. बायको खालून त्याचा शर्ट ओढत होती. त्रिंबक माइकवाल्याला हात जोडून म्हणाला, "बरंय साहेब, येतो मग." ढोल वाजले, माइकवाल्यानं त्याला धरून चौथ्या पायरीवर ओढलं. प्रश्न आला, तो चुकला. छत्री घेऊन उतरताना त्याची बायको त्याला काय काय बोलत होती. त्रिंबकचा चेहरा असा, की आपल्याला नक्की कशानं आपटलं हे त्याला कळलंच नाही. मला वाटलं, माणूस हावरा दिसतो.

मग आमची नावं पुकारली.

पहिला प्रश्न सोपा होता, वर्षात आठवडे किती. राजनंदिनीनं सांगितलं. दुसरा प्रश्न माझ्या वाट्याचा निघाला. कापसाच्या झाडाला आधी काय लागतं, बोंड, फूल की पातं? कापसाच्या कळीला पातं म्हणतात. मी म्हणालो, "पातं." माइकवाला म्हणाला, "नक्की? लॉक करू?" मी म्हणालो, "ज्यानं कापूस लावलाय त्याला काय इचारता?" लोक हसले. मंगल वारल्यावर माझ्या बोलण्यावर कुणी हसलं असं पहिल्यांदाच झालं. मला ते बरं वाटलं नाही.

तिसरा प्रश्न, खायच्या सोड्याचं रासायनिक नाव. पर्याय वाचून व्हायच्या आत राजनंदिनी म्हणाली, "सोडियम बायकार्बोनेट." दिवे लागले. पडदा सरकला आणि मागं गिरणी दिसली. निळ्या रंगाची, नवी, मोटर खाली, वर धान्य ओतायचा पत्र्याचा डबा. मी ती बघत राहिलो. त्या दिवसापर्यंत ती मोबाइलमधलं चित्र होती. आता हात लावण्याइतकी जवळ होती.

"शहादेवकाका!" माइकवाला म्हणाला. "गिरणी तुमची! पण वरच्या पायरीवर मोटारसायकल उभी आहे. काय करताय? येता की जाता?"

खालून लोक ओरडायला लागले. "चढा, चढा!" सुग्रीव मुकादमही आलेला दिसला, मागं दाराशी उभा होता. तोही हात वर करून ओरडत होता. त्याला आमच्या मोटारसायकलची एवढी काय पडली होती ते मला तेव्हाही कळलं.

राजनंदिनी माझ्या कानाशी आली. तिचे कान लाल झाले होते. "दादा, अजून एक चढू का? मला येतंय समदं. तीनचाकी मिळाली तर तुमी भाडं मारताल."

"मला चालवता येती का?"

"शिकताल की."

"बाई," मी म्हणालो, "आपल्याला लागतंय किती?"

तिनं खाली बघितलं, मग गिरणीकडं. तो लाल रंग तिच्या कानावरून उतरला. "गिरनी बास," ती म्हणाली.

मी थकलो होतो. सकाळपासून खुर्चीवर बसून नाही, चैत्रापासून. मला तिथून उतरून घरी जाऊन आडवं पडायचं होतं. मी माइकवाल्याला हात जोडले आणि म्हणालो, "बरंय. येतो आमी."

ढोल वाजले.

"येतायत!" माइकवाला ओरडला. "बीड जिल्ह्यानं पुन्हा दाखवलं! चौथी पायरी!" त्यानं माझा दंड धरला. गिरणीवरचा पडदा परत सरकला. मी वर ओढला गेलो आणि तेव्हा मला त्रिंबकचा चेहरा आठवला.

तो हावरा नव्हता. तीन दिवसांत कुणीच हावरं नव्हतं. आमच्याकडं माणूस निघताना जातो म्हणत नाही. शेतात निघाला तरी येतो, पाहुण्याकडून निघाला तरी येतो, उसाला सहा महिन्यांसाठी गाडीत बसला तरी येतो. जातो हा शब्द उंबऱ्यावर कुणी तोंडातून काढत नाही. थांबायचं ठरवलं की माणूस हात जोडतो आणि तोंडातून आपोआप येतो निघतं. आणि हा कोटवाला त्याला धाडस समजून वरच्या पायरीवर ओढत होता.

"ओ सर, थांबा!" राजनंदिनी माइककडं धावली. "दादा उतरतो म्हनाले. आमाला न्हाई खेळायचं."

"ताई, काका येतो म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं. ऐकलं ना?"

"अरे बाबा," पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठून म्हणाला, "घरातून निघताना मानूस येतोच म्हनतंय. मग काय म्हनंल? तुमच्या पुन्याला काय म्हनतेत?"

सगळा हॉल एकदम बोलायला लागला. त्रिंबकची बायको खुर्चीवर उभी राहून ओरडली, "आमचं बी तेच झालंया! आमची गिरनी द्या आधी!" माइकवाल्याचं हसू तसंच होतं पण डोळे इकडं तिकडं फिरत होते. मग ती कानाला यंत्र लावलेली बाई मंचावर आली. ढोल थांबवले, दिवे कमी केले. ती वाईट नव्हती. तिच्या चेहऱ्यावरही सकाळपासूनचा शीण होता.

"काका, चौथा प्रश्न अजून वाचलेला नाही," ती म्हणाली. "म्हणून तुम्हाला एक संधी देते. आधीच्यांचे प्रश्न वाचून झाले होते, त्यांचं मी काही करू शकत नाही. पण तुम्हाला शब्द म्हणावा लागेल. दोघांपैकी कुणीही म्हणा, पण स्पष्ट, माइकमध्ये. जातो. नियमात तसं लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे. एका मिनिटात म्हटलं नाही तर खेळ पुढं चालू."

"थांबतो म्हनलं तर?" राजनंदिनीनं विचारलं.

"कार्यक्रमाचं नावच 'येता की जाता' आहे गं. चॅनेलला तोच शब्द लागतो. मला वर उत्तर द्यावं लागतं."

मागून कुणीतरी ओरडलं, "जातं पायजे तर जातो म्हन की बे!" आणि सगळे हसले.

मंचामागच्या टीव्हीच्या पडद्यावर साठचा आकडा आला आणि कमी व्हायला लागला. माइक माझ्या तोंडापुढं होता.

एक शब्द होता. तेवढा म्हटला की गिरणी घरी, पोरगी वर्गात. मी तोंड उघडलं. काही निघालं नाही.

चैत्रात मंगलच्या पोटात पाणी झालं होतं. त्या दिवशी सकाळी तिला धाप लागली म्हणून जीप बोलावली. माझी चुलती वच्छलाबाई तिच्याबरोबर बसली. मी दवाखान्याचं कार्ड आणि कागद शोधायला घरात मागं राहिलो होतो, ते मंगलच कुठंतरी ठेवायची, मला सापडत नव्हते. मी चिडलेला होतो. जीपमध्ये चढताना ती दाराकडं वळून म्हणाली, "जाते मी."

मी आतून ओरडलो, "जाते काय म्हनतीस? येते म्हन! अक्कल हाय का?"

ती काही बोलली नाही. तिला दम नव्हता. जीप निघाली. मी मागून एसटीनं पोचलो तेव्हा ती वाटेतच संपली होती. एकोणीस वर्षांत मी तिला कमी बोललो, वाईट तर फारच कमी. पण तिच्या कानावर पडलेलं माझं शेवटचं बोलणं हे होतं. अक्कल हाय का.

तेव्हापासून तो शब्द मी तोंडात घेतला नाही. शेतात निघालो तरी काही न बोलता निघतो. मला माहीत आहे की शब्दानं माणूस मरत नाही. राजनंदिनीनं मला पोटातल्या पाण्याचं कारण पुस्तकातून समजावलं आहे. माझ्या डोक्याला ते कळतं.

पडद्यावर चाळीस होते, मग तीस.

"दादा," राजनंदिनी म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. त्या सकाळी ती अंगणातच होती, पाण्याचा तांब्या हातात घेऊन. तिनं ते सगळं ऐकलं होतं. आम्ही त्यावर कधी एक शब्द बोललो नव्हतो. आता तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं की मला ते जमणार नाही.

"असू द्या, दादा," ती म्हणाली. "मी म्हनते."

तिनं माइक स्वतःकडं ओढला. "आमी जा—"

मी तिच्या तोंडावर हात दाबला. जोरात दाबला असणार, कारण ती मागं सरकली आणि तिचं डोकं माइकवाल्याच्या खांद्यावर आपटलं. मी माझ्या मोठ्या झालेल्या मुलीवर चार गावांसमोर हात उचलला, असं ते दिसलं असेल. दिसू दे. तिच्या आईच्या तोंडून तो शब्द मी ऐकला होता. तिच्या तोंडून ऐकणं मला शक्य नव्हतं.

पडद्यावर बारा की तेरा होते.

"जातो," मी म्हणालो.

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. कानाला यंत्र लावलेल्या बाईनं खूण केली, मोठ्यानं.

"मी जातो," मी म्हणालो. "मी एकटा. ही न्हाई जात. हिला यात धरू नका. ही हितंच ऱ्हाती."

माइकवाला काहीतरी बोलायला गेला. बाईनं हात वर करून त्याला थांबवलं आणि पडद्यावरचा आकडा बंद केला. सातवर. गिरणीवरचा पडदा पुन्हा उघडला. पहिल्या रांगेतला म्हातारा टाळ्या वाजवायला लागला, मग बाकीचे. राजनंदिनी माझ्या हाताखालून बाजूला झाली. तिचा ओठ दातावर दाबून फुटला होता. तिनं तो पदरानं, म्हणजे ओढणीनं, पुसला आणि गिरणीजवळ जाऊन उभी राहिली, जसं काही कुणी ती परत नेणार होतं.

घरी येताना टेम्पोत गिरणी मधे आणि आम्ही दोघं दोन बाजूंना बसलो होतो.

"लागलं का गं?" मी विचारलं.

"न्हाई."

तिनं ओढणीची घडी करून ओठाला लावली. मग म्हणाली, "मम्मीला राग आला नव्हता, दादा. मी बघत होते की. ती जीपमधी हसली. वच्छलाआजीला म्हनली, बघा, आता बी भांडतंय."

"मला कावून सांगितलं न्हाई?"

"तुमी इचारलं कधी?"

मी टेम्पोच्या कडीला धरून बसलो. हसली, हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला फक्त झोप आली. पाच महिन्यांत पहिल्यांदा खरी झोप आली, बसल्या बसल्या, गिरणीला टेकून. चौसाळ्याच्या फाट्यापासून वस्तीपर्यंतचं काही मला आठवत नाही.

दसऱ्याच्या आत मी सुग्रीवला नाही म्हणून सांगितलं. तो दिवाळीनंतर गाड्या लागल्या तेव्हा मुद्दाम आमच्या दारावरून आला. वस्तीवरची सगळी जोडपी सामान भरत होती. शेळ्या, कोंबड्या, पत्रे, लेकरं.

त्यानं गिरणीभोवती एक चक्कर मारली. "झ्याक हाय," म्हणाला. "पन शहादेव, दळनार कुनाचं बे? मार्चपस्तोर गावात ऱ्हातंय कोन?"

"म्हातारे हायेत."

"म्हातारे खातेत किती?"

ते मी धरलंच नव्हतं. राजनंदिनीनंही नाही. गिरणीचा विचार करताना आमच्या दोघांच्याही डोळ्यांपुढं जूनमधली वस्ती होती, भरलेली, दारादारात माणसं, लेकरांच्या भाकरी. दिवाळीनंतरची वस्ती आम्ही कधी बघितलीच नव्हती. तेव्हा मी आणि मंगल फडात असायचो आणि राजनंदिनी चौसाळ्याच्या वसतिगृहात. तीसेक घरं, आणि आठ-दहा चुली पेटतात. सुग्रीवची गाडी निघाली, धूळ बसली आणि मग जी शांतता झाली ती मला एकोणीस वर्षांत माहीत नव्हती.

मी सकाळी कापूस वेचायला जायला लागलो. वेचणी संपल्यावर हायवेवर एका ढाब्यात भांडी आणि झाडलोट धरली. चारला परत येऊन गिरणी उघडतो. दिवसाला तीन, कधी चार दळणं येतात. दोन-दोन किलोची. भागतं म्हणायला भागतं. लोक परत येईपर्यंत असंच आहे.

तो कार्यक्रम टीव्हीवर दाखवला. मी बघितला नाही. टोळीतल्या एकानं फडातून फोन करून सांगितलं की तोंडावर हात ठेवलेला भाग काढून टाकलाय, फक्त माझं जातो आणि टाळ्या. "लई भारी दिसत होता," म्हणाला.

परवा वच्छलाकाकी ज्वारी घेऊन आली. अर्धा डबा. कट्ट्यावर बसली. मी डबा ओतला, गिरणी चालू केली, पीठ हातात घेऊन बघितलं.

"बारीक दळ रे," ती ओरडली. "मागच्या टायमाला जाडं आलतं. मला दात हायेत का?"

मी दगड घट्ट केला. आतल्या खोलीत राजनंदिनी मोठ्यानं पाठ करत होती. परीक्षेला अकरा दिवस राहिलेत. गिरणीच्या आवाजात तिचे शब्द कळत नव्हते, नुसता स्वर येत होता, एकाच चालीत.

दळण झालं. मी बटण बंद केलं. काकीनं डबा डोक्यावर घेतला आणि निघाली. आतला स्वरही थांबला.

थोड्या वेळानं राजनंदिनी दारात आली, पुस्तकात बोट घालून.

"बंद कावून केली?"

"झालं की दळन. दुसरं कुनी न्हाई."

"चालू ठेवा ना थोडी. हे असं समदं गप झालं की मला पाठच व्हईना. नुसतं बाहेर ध्यान लागतंय."

"रिकामी चालवली की दगड झिजतेत, बाई."

ती दारातच उभी राहिली. बाहेर कुत्रंही भुंकत नव्हतं. मी उठलो, आमच्या कणगीतून चार किलो ज्वारी काढली, घरात पीठ असून, आणि वरच्या डब्यात ओतली. बटण दाबलं. पट्टा फिरायला लागला. ती आत वळली, आणि जरा वेळानं तो स्वर परत सुरू झाला.